विश्लेषण : आग लागल्यावर हुकूम कुणाचा? अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाचा पाया घालणारे जेम्स ब्रेडवुड कोण होते?

एखाद्या इमारतीला आग लागली, की बंबापाठोपाठ पोलीस, महापालिकेचे अधिकारी, लोकप्रतिनिधी, इमारतीचे मालक आणि बघ्यांची गर्दी असे सगळेच घटनास्थळी पोहोचतात. सूचना प्रत्येकजण करतो. मात्र पाण्याचा मारा कुठून करायचा, जवानांना आत कधी पाठवायचे आणि बाहेर कधी काढायचे, हे अग्निशमन दलाचा तिथला प्रमुख अधिकारी ठरवतो. आज ही गोष्ट आपण गृहीत धरतो. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तसे नव्हते. एका शहराची राखरांगोळी झाल्यावर हा नियम ठरला. त्या आगीत ज्या तरुण अधिकाऱ्याची पहिलीच परीक्षा झाली, त्याने पुढे अग्निशमन दलाचे प्रशिक्षण कसे असावे, अधिकारी कसा असावा, याची घडी बसवली. त्याचे नाव जेम्स ब्रेडवुड.

जेम्स ब्रेडवुड कोण होते?

ब्रेडवुड यांचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे १८०० साली झाला. आई-वडिलांचे ते दहावे अपत्य. वडील लाकूडकाम आणि बांधकामाच्या व्यवसायात होते. शाळा संपल्यावर जेम्सही त्याच व्यवसायात शिरले आणि इमारतींच्या मोजणी-पाहणीचे काम शिकले. भिंत कशावर उभी असते, तुळईवर किती भार असतो, जिना कुठून कुठे जातो, हे त्यांना कोवळ्या वयातच कळले. पुढच्या आयुष्यात हेच ज्ञान त्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडले.

१८२४ मध्ये एडिंबरात लागोपाठ मोठ्या आगी लागल्या. तोपर्यंत आग विझवण्याचे काम विमा कंपन्यांच्या तुकड्या आणि जमेल तसे नागरिक करत. शहराने स्वतःचे अग्निशमन दल उभारायचे ठरवले. ब्रिटनमधले हे पहिले नगर अग्निशमन दल मानले जाते. त्याचे प्रमुखपद वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी ब्रेडवुड यांच्याकडे आले.

पहिल्याच परीक्षेत काय चुकले?

नेमणुकीला काही आठवडेच झाले होते. माणसांची भरती नुकती झालेली, कवायत जेमतेम सुरू झालेली. अशात १५ नोव्हेंबर १८२४च्या रात्री हाय स्ट्रीटलगतच्या ओल्ड असेंब्ली क्लोज या गल्लीतल्या एका छपाई-नक्षी कारखान्यात आग लागली. जुन्या एडिंबरात गल्ल्या अरुंद, तर इमारती उंच. उतारावरच्या काही इमारती मागच्या बाजूने दहा-अकरा मजल्यांच्या होत्या. आग एका घरातून दुसऱ्या घरात गेली. दुसऱ्या दिवशी ठिणग्या उडून ट्रॉन चर्चचा लाकडी मनोरा पेटला आणि कोसळला. त्याच रात्री जवळच नव्याने आग लागली. आग पूर्ण विझायला पाच दिवस लागले. १३ जणांचा जीव गेला, त्यात अग्निशमन दलाचे दोघे होते. शेकडो कुटुंबे बेघर झाली.

या आगीत सगळ्यात मोठा गोंधळ हुकमाचा झाला. नगरप्रमुख, दंडाधिकारी आणि वरिष्ठ न्यायाधिकारी असे सगळेच घटनास्थळी होते आणि सगळेच आदेश देत होते. कोणाचे ऐकायचे हे जवानांना कळेना. बंब एका जागी लावावा, तोवर दुसरा मोठा माणूस तो हलवायला सांगे. पदाने सर्वांहून लहान असलेल्या ब्रेडवुड यांना या मंडळींना अडवता येत नव्हते.

आग विझल्यावर साहजिकच नव्या दलावर आणि त्याच्या प्रमुखावर टीका झाली. पण चौकशीतून जे निष्पन्न झाले ते ब्रेडवुड यांच्या पथ्यावर पडले. यापुढे आगीच्या ठिकाणी संपूर्ण अधिकार अग्निशमन प्रमुखाचा, इतर कोणीही कितीही मोठ्या पदावर असो, हे ठरले. आज जगभरचे अग्निशमन अधिकारी ‘एक घटना, एक प्रमुख’ हे तत्त्व शिकतात, त्याचा हा सुरुवातीचा धडा होता.

प्रशिक्षण पहाटे चार वाजता का?

अधिकार मिळाला, पण तेवढ्याने माणसे ऐकत नाहीत. हुकूम पाळायचा तर तो कळला पाहिजे आणि अमलात आणण्याचा सराव हवा. ब्रेडवुड यांनी भरतीपासूनच सुरुवात केली. त्यांनी छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, लोहार, नळकाम करणारे असे तरुण कारागीर निवडले. छपरावर चालणाऱ्याला उंचीची भीती नसते. सुताराला कोणती तुळई कापली तर काय पडेल हे सांगावे लागत नाही.

ही माणसे दिवसा आपापला धंदा करत. त्यांची कवायत आठवड्यातून एकदा पहाटे चार वाजता होई. त्यामागे विचार होता. मोठ्या आगी बहुतेक रात्री लागतात, त्यामुळे अंधारात नळी जोडण्याचा, शिडी लावण्याचा सराव अंधारातच व्हायला हवा. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि कामावर जाणाऱ्यांचा रोजही बुडत नाही. शिड्या चढणे-उतरणे, दोरावरून खाली येणे, यासाठी त्यांनी व्यायामाची जोड दिली. आगीच्या गदारोळात ओरडून दिलेला हुकूम ऐकू जात नाही, म्हणून शिट्टीचे संकेत ठरवले. दलाच्या तुकड्यांना वेगवेगळे रंग दिले, जेणेकरून कोण कोणत्या तुकडीचा हे लांबूनही कळावे.

१८३० मध्ये त्यांनी हा सगळा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. बंबाची रचना, जवानांचे प्रशिक्षण आणि आग लागल्यावर करायची कार्यवाही, असे त्याचे तीन भाग होते. या विषयावरचे इंग्रजीतले हे पहिले पद्धतशीर पुस्तक मानले जाते. त्याआधी आग विझवणे हे धाडसाचे काम समजले जाई. शिकता आणि शिकवता येते असे शास्त्र म्हणून त्याकडे पाहण्याची सुरुवात इथून झाली.

आत शिरून आग विझवण्याचा आग्रह का?

त्या काळी रस्त्यावर उभे राहून खिडक्यांतून पाणी मारण्याची पद्धत होती. बरेचसे पाणी भिंतींवर आदळून वाया जाई आणि आग आत धुमसत राही. ब्रेडवुड यांचे म्हणणे होते, की पाणी ज्वाळांवर नाही, जळणाऱ्या वस्तूवर पडले पाहिजे. त्यासाठी जवानाने इमारतीत शिरून आगीच्या मुळापर्यंत जायला हवे. धुरात उभे राहू नये, जमिनीलगत सरपटत जावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा खालीच उरते. आत एकट्याने जाऊ नये, जोडीने जावे. दारे-खिडक्या उगाच उघडू नयेत, कारण वारा मिळाला की आग भडकते. आजच्या प्रशिक्षण वर्गातही हे नियम थोड्याफार फरकाने शिकवले जातात.

ते स्वतः मागे राहणारे नव्हते. एडिंबरातल्या हंटर स्क्वेअर येथे लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली असताना आत बंदुकीच्या दारूची पिंपे असल्याचे कळले. ब्रेडवुड स्वतः आत गेले आणि पिंप बाहेर घेऊन आले. मग पुन्हा आत जाऊन दुसरेही आणले. आपण जे करणार नाही ते जवानाला सांगायचे नाही, हा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी शहर सोडले तेव्हा त्यांच्या जवानांनी त्यांना सोन्याचे घड्याळ भेट दिले.

लंडनने त्यांना का बोलावले?

लंडनमध्ये तेव्हा प्रत्येक विमा कंपनीची स्वतंत्र अग्निशमन तुकडी होती. एकाच आगीवर चार-पाच तुकड्या जात, पण त्यांच्यात मेळ नसे. अखेर दहा विमा कंपन्यांनी आपल्या तुकड्या एकत्र केल्या आणि १ जानेवारी १८३३ पासून ‘लंडन फायर एंजिन एस्टॅब्लिशमेंट’ हे दल सुरू झाले. १९ केंद्रे आणि ८० पूर्णवेळ जवान एवढे त्याचे बळ होते. जगातल्या सर्वात मोठ्या शहरांपैकी एकासाठी हे बळ तोकडेच होते. प्रमुख म्हणून ब्रेडवुड यांना बोलावण्यात आले. पुढची २८ वर्षे ते या पदावर होते.

इथे जवान केंद्रावरच राहात आणि केव्हाही वर्दी आली की निघत. लंडनमध्ये ब्रेडवुड यांनी भरतीचा निकष बदलला. हळूहळू त्यांनी खलाशांना पसंती दिली. खलाशाला हुकूम पाळण्याची सवय असते, रात्रपाळीचे काही वाटत नाही, दोर आणि उंची त्याच्या अंगवळणी पडलेली असते. म्हणजे एडिंबरात अर्धवेळ दलासाठी कारागीर आणि लंडनमध्ये पूर्णवेळ दलासाठी खलाशी. काम पाहून माणूस निवडायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

संसद जळाली तेव्हा त्यांनी काय केले?

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात, म्हणजे ब्रिटिश संसदेत, आग लागली. हिशेबासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळल्या जात होत्या. त्या उष्णतेने धुराडी तापली आणि संध्याकाळी आग भडकली. ब्रेडवुड १२ बंब आणि ६४ जवान घेऊन पोहोचले. तोवर दोन्ही सभागृहे हाताबाहेर गेली होती. ओहोटीमुळे थेम्स नदीवरचा तरता बंबही वेळेत येऊ शकला नाही.

अशा वेळी काय सोडायचे आणि काय वाचवायचे, हा निर्णय प्रमुखाला घ्यावा लागतो. इथे सगळे बळ मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉलवर लावले गेले. त्याचे भव्य लाकडी छत पेटले असते तर काही उरले नसते. बंब थेट हॉलमध्ये आणून छत सतत भिजते ठेवण्यात आले. शेजारच्या इमारतींकडून आग येण्याची वाट तोडण्यात आली. मदतीला सैनिक आणि नागरिक होते, वाऱ्यानेही साथ दिली. हॉल वाचला आणि आजही उभा आहे.

त्यांच्याही मर्यादा होत्या का?

होत्या. ब्रेडवुड यांचे दल विमा कंपन्यांच्या पैशावर चाले, म्हणून मालमत्ता वाचवणे हे त्याचे मुख्य काम होते. रस्त्यारस्त्यावर उंच शिड्या ठेवून माणसे वाचवण्याचे काम लंडनमध्ये एक वेगळी संस्था करत असे. ही दोन्ही कामे एका छत्राखाली यायला ब्रेडवुड यांच्या मृत्यूनंतरचे १८६७ साल उजाडावे लागले.

दुसरी गोष्ट वाफेच्या बंबाची. लंडनमध्ये वाफेवर चालणारा बंब १८३०च्या सुमारासच तयार झाला होता, पण ब्रेडवुड यांनी तो अनेक वर्षे दूर ठेवला. जोरदार फवारा हाती आला की माणसे पुन्हा रस्त्यावरूनच पाणी मारू लागतील, अशी त्यांना धास्ती होती. धास्ती निराधार नव्हती, तरी माणसांच्या हातांनी चालणारे पंप मोठ्या आगीपुढे अपुरे पडत, हेही खरे होते. नदीवर वाफेचा तरता बंब १८५०च्या दशकात आला. रस्त्यावरचा बंब भाड्याने घ्यायला १८६० साल उजाडले. स्वतः घडवलेली पद्धत बदलणे हे प्रशिक्षकालाही जड जाते, याचे हे उदाहरण.

कोणत्या धोक्याकडे दुर्लक्ष झाले?

थेम्सच्या काठी व्यापारामुळे प्रचंड गोदामे उभी राहात होती. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया वापरल्याने त्यांना अग्निरोधक म्हटले जाई. बांधकाम जाणणाऱ्या ब्रेडवुड यांना हे पटत नव्हते. जाड लाकडी तुळई बाहेरून हळूहळू कोळसा होत जाते आणि वेळ देते. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले की ते अचानक तडकते आणि वरचा सगळा भार घेऊन कोसळते. स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी हा विषय निबंधातून मांडला. गोदामांचा आकार मर्यादित ठेवावा, मधे भक्कम भिंती असाव्यात, असा इशारा त्यांनी सरकारलाही दिला. नाहीतर कितीही बंब आणले तरी उपयोग होणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

आयुष्यभर आत शिरण्याचा आग्रह धरणाऱ्या या अधिकाऱ्याने आपल्या जवानांना एक बंदी घातली होती. लोखंडी खांबांचे गोदाम एकदा नीट पेटले, की कोणी आत जायचे नाही. आत कधी जायचे हे शिकवण्याइतकेच आत कधी जायचे नाही हे शिकवणेही अधिकाऱ्याचे काम आहे, हे त्यांना उमगले होते.

टूली स्ट्रीटवर काय घडले?

२२ जून १८६१, शनिवार. दुपार उलटल्यावर लंडन ब्रिजजवळच्या टूली स्ट्रीटवरील एका गोदामात धूर दिसला. ताग, कापूस अशा धाग्यांच्या गाठी आतल्या आत धुमसून आग लागली, असे मानले जाते. आसपासच्या गोदामांत साखर, चहा, मसाले, सोरा आणि चरबीचे साठे होते. आग रोखण्यासाठी बसवलेले लोखंडी दरवाजे उघडेच राहिले होते. वितळलेली चरबी पेटत नदीत वाहू लागली. पुलावर हजारो लोक जमले.

ब्रेडवुड तेव्हा साठीत होते. पाणी आणि माणसे दोन्ही कमी पडत होती. उष्णतेत तासन् तास उभे राहून जवान थकले होते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ब्रेडवुड गल्लीतून त्यांची विचारपूस करत, त्यांना थोडी ब्रँडी देण्याची व्यवस्था करत फिरत होते. एका जवानाचा हात जखमी झाल्याचे दिसले. त्यांनी गळ्यातला रेशमी रुमाल सोडला आणि त्याच्या हाताला बांधला. थोडे पुढे गेले आणि गोदामाची उंच भिंत कोसळली. ब्रेडवुड आणि त्यांच्याजवळ असलेला, एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या अग्निशमन तुकडीतला जवान असे दोघे जागीच ठार झाले. ढिगारा इतका तापलेला होता, की मृतदेह काढायला दोन दिवस गेले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले.

२९ जून रोजी अंत्ययात्रा निघाली. ती सुमारे दीड मैल लांब होती. वाटेवरची दुकाने बंद होती, शहरातल्या चर्चच्या घंटा वाजत होत्या. ॲबनी पार्क दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

त्यांच्या मृत्यूनंतर काय बदलले?

या आगीत सुमारे २० लाख पौंडांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले आणि संपूर्ण लंडनच्या संरक्षणाचा भार आपण एकट्याने वाहणार नाही, असे सरकारला कळवले. त्यातून १८६५चा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ रोजी ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’ हे सार्वजनिक दल सुरू झाले. कॅप्टन आयर मॅसी शॉ त्याचे प्रमुख झाले. १९०४ पासून हेच दल ‘लंडन फायर ब्रिगेड’ या नावाने ओळखले जाते. एडिंबरातल्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २००८ साली ब्रेडवुड यांचा पुतळा उभारण्यात आला. १८२४ची आग याच परिसरात पसरली होती.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

मुंबईच्या अग्निशमन दलाची घडी बसवताना १८९० मध्ये लंडनच्या दलातलाच अनुभवी अधिकारी प्रमुख म्हणून आणण्यात आला. त्यामुळे लंडनमध्ये रुजलेली पद्धत मुंबईच्या बंबखान्यांपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पुढच्याच वर्षी रामपूरहून नागपूरला आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तिथे घडतात.

टूली स्ट्रीटची आठवण करून देणारी घटना मुंबईनेही पाहिली आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांसह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही जळणारी इमारत कधी कोसळेल, हा प्रश्न अधिकाऱ्यापुढे तितकाच कठीण आहे.

मग प्रमुखाने पुढे असावे की मागे?

ब्रेडवुड यांच्या आयुष्यातून याची दोन उत्तरे मिळतात. जवानांचा विश्वास त्यांनी पुढे जाऊनच मिळवला. पण भिंत कोसळली तेव्हा ते तिच्या टप्प्यात होते आणि ऐन आगीत दलाने आपला प्रमुख गमावला. आता अधिकाऱ्यांना शिकवले जाते, की प्रमुखाने ठरलेल्या सुरक्षित जागी थांबावे, सगळे संदेश तिथे यावेत, पुढच्या फळीचा अधिकारी वेगळा असावा आणि कोसळू शकणाऱ्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर राखावे. थकलेल्या जवानांची चौकशी व्हायलाच हवी, पण त्यासाठी त्यांना पाळीपाळीने मागे आणावे.

धाडस हा या सेवेचा पाया आहे, पण अधिकाऱ्याची परीक्षा वर्दी येण्याच्या बरीच आधी सुरू होते. हुकूम कुणाचा हे ठरलेले असणे, माणसांचा अंधारात सराव झालेला असणे, इमारतीची माहिती असणे आणि धोकादायक बांधकामाविषयी अधिकाऱ्याने दिलेला इशारा वेळीच ऐकला जाणे, यावर आगीच्या ठिकाणी किती जीव वाचतील हे ठरते. यातल्या पहिल्या तीन गोष्टी ब्रेडवुड यांनी स्वतः करून दाखवल्या. चौथी त्यांच्या हातात नव्हती. ती तेव्हाही गोदामांच्या मालकांच्या आणि सरकारच्या हातात होती. आजही ती इमारतींचे मालक, रहिवासी आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणांच्याच हातात आहे.